पुसली न जाणारी पाटी

पंतोजींच्या शाळेत मुलाच्या विद्याभ्यासाला आरंभ होई तो धूळपाटीवर. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरावयाची, तीवर अक्षर काढावयाचे आणि चुकले की हात फिरवून ते मोडून टाकावयाचे. कागद महाग होता म्हणून ही पद्धत पडली, हे उघडच आहे. परंतु या दारिद्र्यातून एक मोठा लाभ नकळत पदरी पडत होता. मुलाची चूक पाहणारी माणसे दोनचारच असत आणि त्या चुकीचे आयुष्य काही क्षणांचे असे.

ही धूळ पुढे समुद्रापलीकडे गेली, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश धर्मोपदेशक १७८९ पासून मद्रास येथील लष्करी अनाथ मुलांच्या आश्रमशाळेची व्यवस्था पाहत होता. तेथल्या देशी शाळेत मुले वाळूत अक्षरे गिरवितात हे त्याने पाहिले. ती रीत त्याने आपल्या शाळेत आणली, आणि थोड्या पुढे गेलेल्या विद्यार्थ्यांकडून मागच्यांना शिकविण्याची पद्धतही तिला जोडली. १७९७ मध्ये त्याने या प्रयोगाचा वृत्तांत लंडनमध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर वर्षभरातच जोसेफ लँकेस्टर या तरुणाने लंडनच्या दक्षिण भागात गरिबांच्या मुलांसाठी शाळा उघडली. वाळू, पाटी आणि विद्यार्थी-नायक यांच्या बळावर तेथे एका शिक्षकाच्या हाताखाली शेकडो मुले शिकू लागली.

पण लँकेस्टरच्या शाळेला दुसरी बाजूही होती. छडीऐवजी त्याने लाजविण्याचे मार्ग योजिले. अपराधी मुलाच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधीत, अपराधाची पाटी अडकवून त्याला वर्गातून फिरवीत. काहींना तर टोपलीत बसवून आढ्याला टांगीत, म्हणजे सर्वांनी वर पाहून हसावे. हात न उगारताही शिक्षा किती क्रूर होऊ शकते याचा हा नमुना होय. तरीही संध्याकाळी शाळा सुटली की टोपली खाली येई. ती पाहिलेली मुले एकाच वस्तीतली असत आणि वर्षा दोन वर्षांत तीही विसरत.

आजच्या शाळेतील समाजमाध्यमांच्या नीतीचा प्रश्न या दोन गोष्टी समोर ठेवून पाहिला म्हणजे त्याचे खरे स्वरूप ध्यानात येते. धूळ गेली आणि टोपली मात्र राहिली. आणि ती खाली उतरविण्याची वेळ कोणी ठरविलेलीच नाही.

या माध्यमांचा शाळेत प्रवेश फार जुना नाही. फेसबुक फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकेतील एका विद्यापीठापुरते निघाले, सप्टेंबर २००५ मध्ये ते तेथील माध्यमिक शाळांना खुले झाले आणि पुढच्याच वर्षी तेरा वर्षांवरील कोणासही. ही तेरा वर्षांची मर्यादा बालमनाच्या अभ्यासातून आलेली नव्हती. मुलांची माहिती गोळा करण्यासंबंधीच्या १९९८ च्या अमेरिकन कायद्यात तेरा हा आकडा होता. तोच सोईस्कर म्हणून जगभर रूढ झाला. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये कायदा करून ही मर्यादा सोळावर नेली आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो अंमलात आला.

शाळेचा अधिकार कोठे संपतो, हा वाद अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात दोनदा न्यायालयात गेला. लोअर मेरियन येथील शाळांनी विद्यार्थ्यांना घरी नेण्यासाठी संगणक दिले होते. ते हरवले तर सापडावेत म्हणून त्यांतील कॅमेरा दुरून चालविण्याची सोय होती. २०१० मध्ये उघड झाले की या सोयीने मुलांच्या घरांतली हजारो छायाचित्रे शाळेकडे जमा झाली होती. त्याच वर्षी शाळामंडळाला सहा लाख दहा हजार डॉलर देऊन तडजोड करावी लागली. दुसरे प्रकरण महानॉय येथले. २०१७ मध्ये एका विद्यार्थिनीची शाळेच्या मुख्य चमूत निवड झाली नाही. सुटीच्या दिवशी, शाळेबाहेर, रागाच्या भरात तिने स्नॅपचॅटवर शिवराळ मजकूर टाकला. तो चोवीस तासांत आपोआप नाहीसा व्हावयाचा होता. पण दुसऱ्या एका मुलीने त्याची प्रतिमा टिपून ठेवली, ती प्रशिक्षकांपर्यंत पोचली आणि तिला वर्षभरासाठी चमूतून काढले. २३ जून २०२१ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी मुलीच्या बाजूने निर्णय दिला. मूल चोवीस तास शाळेच्या देखरेखीखाली राहिले तर त्याला बोलावयास जागाच उरणार नाही, हा त्या निर्णयातील विचार मननीय आहे. तसेच, पुसण्याची सोय यंत्रात असली तरी शेजाऱ्याच्या हाती ती नसते, हाही धडा त्यातून मिळतो.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्या निकालात न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी मुलांचा स्वतंत्र उल्लेख केला आहे. बालवयातील चुकांचे परिणाम त्यांना जन्मभर भोगावे लागू नयेत, असा त्यांचा अभिप्राय आहे. पुढे २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले, पालकांची पडताळलेली संमती आवश्यक केली आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांत मात्र शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कार्यापुरती व मुलांच्या सुरक्षिततेपुरती सवलत आहे. सवलत रास्त आहे. पण त्यामुळे कायद्याचे ओझे उतरून शाळेच्या विवेकावर येते, हे विसरता कामा नये.

हा विवेक कसा असावा, याचे उत्तर आपणा कचेरीतील माणसांना फार दूर शोधावयास नको. सरकारी दप्तरात कोणताही कागद बेमुदत पडून राहत नाही. प्रत्येक नस्तीला वर्ग असतो, जतन करण्याची मुदत असते, आणि कायम ठेवण्याजोगी नसेल तर मुदत भरताच ती नष्ट करावी असा नियम आहे. तीच गोष्ट गोपनीय अहवालाची. २००८ मध्ये देव दत्त यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, अहवालातील प्रत्येक शेरा संबंधित कर्मचाऱ्याला कळविला पाहिजे. दुसऱ्याच वर्षी केंद्र सरकारने तशी पद्धत घातली. म्हणजे पन्नाशीच्या कारकुनाला आपल्याविरुद्धचा शेरा पाहण्याचा व त्याविरुद्ध निवेदन करण्याचा हक्क आहे. अकरा वर्षांच्या मुलाचे नापासाचे गुण पालकांच्या समूहात झळकले, किंवा त्याची फजिती चित्रफितीतून शंभर घरांत गेली, तर त्याने निवेदन कोणाकडे करावे? आणि त्या कागदाची मुदत केव्हा भरते?

आपल्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी एका कारणाने जिव्हाळ्याचा आहे. बदलीच्या नोकरीतील मुलांचे शिक्षण तुटू नये म्हणून नोव्हेंबर १९६२ मध्ये केंद्रीय शाळांची योजना मंजूर झाली आणि १९६३ मध्ये वीस लष्करी शाळांपासून तिला प्रारंभ झाला. तेव्हापासून किती मराठी मुले दाखला हाती घेऊन जबलपूरहून जोधपूरला, तेथून गुवाहाटीला गेली असतील! बदलीने मुलांची मैत्री तुटते, भाषा बदलते, हे दुःख खरे. पण बदलीचे एक देणेही होते. जुन्या वर्गातले टोपणनाव, एकदा झालेली फजिती, कोणी घेतलेला खोटा आळ हे सारे जुन्या गावी राही. नव्या शाळेत दाखल्यावर नाव, जन्मतारीख, इयत्ता आणि वर्तनाविषयी दोन शब्द जात. बाकी पाटी कोरी. आज मूल रेल्वेत बसण्यापूर्वीच त्याची जुनी ओळख नव्या वर्गातील मुलांच्या हाती पोचलेली असू शकते.

याचा अर्थ ही साधने शाळेबाहेर फेकून द्यावीत असा नाही. मार्च २०२० मध्ये शाळांची दारे बंद झाली तेव्हा असंख्य शिक्षकांनी याच साधनांतून वर्ग चालू ठेवले. दूरच्या गावी गेलेल्या मुलाला जुना मित्र याच वाटेने भेटतो. शिवाय छळ झालेल्या मुलाच्या बाजूने पुरावा उभा करावयाचा तर नोंद जपावी लागते. पण जपणे निराळे आणि पसरविणे निराळे. नोंदीला एक जबाबदार रक्षक असावा, तिला मुदत असावी आणि ती कोण पाहतो हे ठरलेले असावे, एवढीच मागणी आहे.

म्हणून पालक-शिक्षक सभेत आपण चार गोष्टी विचाराव्यात. मुलांची छायाचित्रे प्रसिद्ध करण्यापूर्वी पालकांना, आणि मोठ्या मुलांना स्वतःला, विचारले जाते काय? गुण आणि शिस्तभंग यांची वार्ता समूहात न टाकता त्या त्या घरी कळविली जाते काय? शिक्षक व विद्यार्थी यांचा पत्रव्यवहार सर्वांना दिसेल अशा शाळेच्या मार्गानेच होतो काय? आणि मूल शाळा सोडते तेव्हा त्याच्या दाखल्याबरोबर शाळेच्या पानांवरील त्याची चित्रे व नोंदी काढून टाकण्याची व्यवस्था आहे काय? पहिल्या तीन प्रश्नांना पुष्कळ शाळा होकार देऊ शकतील. चौथा प्रश्न बहुधा कोणी विचारलेलाच नसेल. बदलीचा हुकूम हाती पडताच तो विचारण्याचे काम आपलेच आहे.