कॉम्प्युटर आपोआप रिस्टार्ट होतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

काम सुरू असताना स्क्रीन अचानक काळी होते, पंखा क्षणभर थांबतो आणि कॉम्प्युटर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. अर्धवट भरलेला परीक्षेचा फॉर्म, हिशेबाच्या नोंदी, मुलांचा प्रोजेक्ट, जे सेव्ह केलेले नाही ते सगळे जाते. दिवसातून दोन-तीनदा असे होऊ लागले की घरात एकच सल्ला मिळतो: ‘व्हायरस असेल, फॉरमॅट मारून टाका.’

पण दोष विजेत, उष्णतेत किंवा आतल्या एखाद्या भागात असेल, तर फॉरमॅटने तो जात नाही. डेस्कटॉपवरचे फोटो आणि फाइल्स मात्र जातात. म्हणून आधी रिस्टार्ट नेमका कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखा आणि मगच खर्च करा.

सर्वात आधी: डेटा बाजूला काढा

कॉम्प्युटर जितका वेळ चालू राहतो, तेवढ्यात महत्त्वाचे फोटो, कागदपत्रे आणि हिशेबाच्या फाइल्स पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करून घ्या. वारंवार वीज तुटल्यासारखे बंद पडल्याने डिस्कवरच्या फाइल्स खराब होऊ शकतात. दुरुस्ती चार दिवस उशिरा झाली तरी चालते. गेलेले फोटो परत मिळतीलच असे नाही.

रिस्टार्टचे तीन प्रकार

विंडोज प्रत्येक रिस्टार्टची नोंद ठेवते. स्टार्ट मेन्यूमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ शोधून उघडा. डावीकडे ‘विंडोज लॉग्ज’ आणि त्याखाली ‘सिस्टीम’ निवडा. रिस्टार्ट झाला त्या वेळेच्या आसपास हे क्रमांक शोधा:

• १०७४ : कोणीतरी सांगून केलेला रिस्टार्ट. बहुतेक वेळा हे विंडोज अपडेटचे किंवा एखाद्या सॉफ्टवेअरचे काम असते. नोंदीत त्याचे नावही दिसते. अपडेटच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्टिव्ह अवर्स’ ठरवून दिले की कामाच्या वेळेत असा रिस्टार्ट टळतो.

• ४१ आणि सोबत १००१ : विंडोज कोसळली आणि तिने स्वतःच कॉम्प्युटर रिस्टार्ट केला. यालाच ‘ब्लू स्क्रीन’ म्हणतात. विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत ती काळी दिसते. इथे ड्रायव्हर, रॅम किंवा डिस्कवर संशय घ्यावा.

• फक्त ४१, १००१ नाही : विंडोजला काही लिहून ठेवायलाही वेळ मिळाला नाही. इथे वीज, एसएमपीएस, उष्णता किंवा कॅबिनेटचे अडकलेले रिसेट बटण आधी पाहावे.

४१ हा क्रमांक कारण सांगत नाही. ‘कॉम्प्युटर नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला’ एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे सोबत काय आहे ते पाहणे महत्त्वाचे.

वीज: सातपूरमध्ये इथून सुरुवात करा

नाशिकमध्ये त्र्यंबक रस्त्यालगत सातपूरची औद्योगिक वसाहत आहे आणि तिच्या शेजारीच अशोकनगर, श्रमिकनगर, शिवाजीनगर यांसारख्या राहत्या वस्त्या. मोठी मोटर थेट सुरू केली की ती क्षणभर नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. त्याच ट्रान्सफॉर्मरवर घरे असतील, तर दिवे पापणी लवल्यासारखे मंद होऊ शकतात. हेच काम सोसायटीचा पाण्याचा पंप किंवा घरातला एसीही करू शकतो.

घरातला पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा असतो. वीज गेल्यावर कॉम्प्युटरचा एसएमपीएस पूर्ण लोडवर साधारण १६ मिलिसेकंदच तग धरतो, म्हणजे विजेच्या एका आवर्तनापेक्षाही कमी. दिव्याची नुसती लुकलुक वाटते, तेवढ्यात कॉम्प्युटर रिस्टार्ट झालेला असतो.

तपासायचे असे:

• तीन-चार दिवस रिस्टार्टची वेळ वहीत लिहा. त्या वेळी दिवे मंद झाले का, पंप किंवा फ्रिज सुरू झाला का, तेही लिहा.

• घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावरचे मोडचे बटण पाहा. बऱ्याच इन्व्हर्टरवर ‘इको’ आणि ‘यूपीएस’ असे दोन मोड असतात. इको मोडमध्ये बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतो. पंखा-दिव्यांना ते कळत नाही, कॉम्प्युटर मात्र बंद पडतो. यूपीएस मोड लावून पाहा.

• वेगळा यूपीएस असेल तर काम सेव्ह करून कॉम्प्युटर चालू असतानाच यूपीएसचे भिंतीवरचे बटण बंद करा. कॉम्प्युटर लगेच बंद पडला तर यूपीएसची बॅटरी संपली आहे. ही बॅटरी साधारण दोन ते चार वर्षे टिकते.

• सैल प्लग आणि जुना एक्स्टेन्शन बोर्ड बदला. कॉम्प्युटरची पिन हलवली की तो बंद होत असेल, तर दोष तिथेच आहे.

• कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नीट नाही. हे काम वायरमनकडूनच करून घ्या. जीवाशी गाठ आहे.

आजूबाजूच्या घरांतही दिवे लुकलुकत असतील, तर प्रश्न कॉम्प्युटरचा नाही. महावितरणकडे १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

उष्णता आणि धूळ

गेम खेळताना किंवा व्हिडिओ एडिट करतानाच कॉम्प्युटर बंद पडत असेल, आणि एप्रिल-मेमध्ये त्रास वाढत असेल, तर उष्णतेचा संशय घ्या. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. तरीही तापमान वाढतच राहिले की यंत्रणा कॉम्प्युटर बंद करते. अशा वेळी तो बहुधा रिस्टार्ट न होता सरळ बंदच होतो, हीही एक खूण.

मुख्य स्विच बंद करून, वायर काढून, कॅबिनेटची बाजूची पट्टी उघडा. पंख्याची पाती बोटाने धरून मऊ ब्रशने धूळ काढा. सगळे पंखे फिरतात का ते पाहा. चार-पाच वर्षांत थर्मल पेस्ट बदललेली नसेल तर ती वाळलेली असू शकते. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज काही काळ राहतो.

रॅम, डिस्क आणि ड्रायव्हर

ब्लू स्क्रीनचा प्रकार असेल तर सिस्टीम प्रॉपर्टीजमधल्या ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ या भागात ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’वरची खूण काढा. आता स्क्रीन तशीच थांबेल. मोबाइलने तिचा फोटो काढून ठेवा. एरर दर वेळी वेगवेगळी येत असेल तर रॅमवर संशय घ्या. रॅम काढून तिचे सोनेरी टोक खोडरबराने हलके पुसा, आणि दोन रॅम असतील तर एकेक लावून पाहा. विंडोजमधली ‘मेमरी डायग्नोस्टिक’ चाचणीही चालवा. नुकतेच एखादे अपडेट किंवा ड्रायव्हर टाकल्यावर त्रास सुरू झाला असेल तर ते आधी काढा.

सॉफ्टवेअरमुळे असे खरोखर घडते. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ या वर्मने विंडोज एक्सपीवर ६० सेकंदांची उलटी गिनती दाखवून कॉम्प्युटर रिस्टार्ट केले होते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर कोसळले. हार्डवेअरचेही उदाहरण आहे: इंटेलने २०२४ मध्ये १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमधला दोष मान्य करून बायोस अपडेट दिले आणि त्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर असेल तर बायोस अपडेट झालेला आहे का ते विचारा.

दुकानात नेताना

वही, स्क्रीनचा फोटो आणि इव्हेंटचे क्रमांक सोबत न्या. मदरबोर्ड बदलण्याआधी दुसरा चांगला एसएमपीएस लावून पाहायला सांगा. मदरबोर्डच्या मानाने तो स्वस्त भाग आहे. मदरबोर्डवर एखादा कॅपॅसिटर फुगला आहे का, तेही समोर दाखवायला सांगा. सेलमुळे रिस्टार्ट होतो असे कोणी म्हटले तर लक्षात ठेवा: मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सेल प्रामुख्याने घड्याळ आणि सेटिंग सांभाळतो. तो संपला तर तारीख चुकते. कॉम्प्युटर रिस्टार्ट होण्याचे कारण तो क्वचितच असतो. बदललेला जुना भाग परत मागून घ्या. आणि फॉरमॅटला होकार देण्याआधी एकच प्रश्न विचारा: ‘दोष सॉफ्टवेअरमध्ये आहे हे कशावरून कळले?’