हिशेब कॉम्प्युटरवर, मग बॅकअप कशावर? सॉफ्टवेअर घेण्याआधी दुकानदार, मिलवाले आणि सोसायट्यांनी काय तपासावे

मंठाळ (ता. बसवकल्याण) : बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतल्या सीमाभागात आडत दुकान असो, डाळ मिल असो, खत-बियाण्यांचं दुकान असो की पतसंस्था, हिशेब आता कॉम्प्युटरवर आला आहे. शेतकऱ्याची उचल, तुरीची पट्टी, गावोगावची उधारी, जीएसटीची बिलं, सगळं एका डब्यात. वहीचं पान फाटलं तर तेवढंच पान जायचं. हार्ड डिस्क बसली तर अख्खं वर्ष जातं. त्यात आपला माल उमरगा, निलंगा, उदगीर, सोलापूरला जातो. खातेदार दोन राज्यांत विखुरलेले. कोणाकडून किती येणं आहे हे सांगणारी नोंदच गेली, तर वसुली कशाच्या जोरावर करणार?

बॅकअपची सॉफ्टवेअर बाजारात पुष्कळ आहेत. विकणारा प्रत्येक जण आपलंच चांगलं सांगतो. घेणाऱ्याने काय विचारावं, काय तपासावं, याची ही माहिती. जपून ठेवा, खरेदीच्या वेळी समोर धरा.

कॉपी, सिंक आणि बॅकअप : तीन वेगळ्या गोष्टी

महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर फोल्डर टाकणं ही कॉपी. कोणी विसरलं की संपलं.

गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हसारख्या सेवेत फोल्डर जोडून ठेवणं म्हणजे सिंक. इकडे फाइल बिघडली की थोड्या वेळात तिकडेही बिघडलेलीच जाते. जुनी आवृत्ती काही दिवस मिळते, पण शेकडो फाइली एकदम खराब झाल्या तर त्या नीट परत आणणं किचकट काम होतं.

बॅकअप म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप घेतलेली, तारखेनिशी वेगळी ठेवलेली प्रत, जिच्यातून परवाची किंवा मागच्या महिन्याची स्थिती पुन्हा उभी करता येते. यात 'पुन्हा उभी करणं' हाच खरा माल आहे, आणि पैसे त्याचेच द्यायचे असतात.

मोठ्यांच्या घरी काय झालं

२१ मार्च २०२१, रविवारची पहाट. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे एमआयडीसीच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. मुख्यालयातले सर्व्हर आणि वेगवेगळ्या कार्यालयांतले काही कॉम्प्युटर कुलूपबंद झाले. कामकाज ठप्प झालं. पण बॅकअपच्या फाइली वेगळ्या नेटवर्कवर, बाहेरच्या डेटा सेंटरमध्ये होत्या आणि तिथे लागण पोचली नव्हती, असं महामंडळाने सांगितलं.

दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी असाच हल्ला झाला. पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट डेटा बाधित झाल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. केसपेपर पुन्हा हाताने लिहावे लागले. रुग्णांच्या नोंदी परत मिळाल्या त्या एका न बाधलेल्या बॅकअप सर्व्हरवरून.

जुलै २०२४ अखेर तर झळ थेट लहान बँकांना बसली. सी-एज टेक्नॉलॉजीज ही कंपनी सहकारी आणि ग्रामीण बँकांना तांत्रिक सेवा पुरवते. तिच्यावर हल्ला झाल्यावर राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने खबरदारी म्हणून तिला आपल्या यंत्रणेपासून तात्पुरतं तोडलं आणि सुमारे ३०० लहान बँकांचे यूपीआय, एटीएमसारखे व्यवहार अडकले. चूक त्या बँकांची नव्हती, पण खातेदार दारात उभे होते त्यांच्याच.

या तिन्ही प्रकरणांतून एक गोष्ट कळते. बॅकअप आहे की नाही, हा पहिला प्रश्न. तो हल्ल्याच्या टप्प्याबाहेर आहे का आणि तो आणायला किती वेळ लागतो, हे त्याहून महत्त्वाचे प्रश्न.

आधी आपले दोन आकडे ठरवा

दुकानदाराला भेटायच्या आधी स्वतःला दोन प्रश्न विचारा.

पहिला : किती वेळाचं काम पुन्हा लिहून काढता येईल? हंगामात दिवसाला दोनशे पट्ट्या करणाऱ्या आडत्याला एक दिवसही जड जातो. खताच्या दुकानाला बिलबुकावरून एक दिवस भरून काढता येतो. तांत्रिक भाषेत याला आरपीओ म्हणतात. बॅकअप किती वेळाने घ्यायचा ते यावरून ठरतं.

दुसरा : काम किती वेळ बंद ठेवता येईल? याला म्हणतात आरटीओ. गाड्यांच्या आरटीओशी याचा संबंध नाही. पण इथेही खोळंबा किती, तेच मोजायचं आहे. पतसंस्थेला दोन तास, डाळ मिलच्या ऑफिसला एक दिवस, असं काहीतरी ठरवून कागदावर लिहा.

हे दोन आकडे नसतील तर महागडं सॉफ्टवेअर गळ्यात पडतं, नाहीतर स्वस्तातलं घेऊन पस्तावायची वेळ येते.

तीन-दोन-एकचा नियम

जगभर चालणारा साधा हिशेब असा : डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक जागेबाहेर. हल्ली त्यात दोन गोष्टी वाढल्या आहेत. एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली किंवा कोणालाही पुसता न येणारी असावी, आणि तपासणीत शून्य चूक निघावी.

आपल्याकडे याचा अर्थ काय? एक प्रत चालू कॉम्प्युटरवर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी क्लाउडवर किंवा घरच्या कपाटात. हार्ड डिस्क दोन घ्या आणि आलटून पालटून लावा. एक लावलेली असताना दुसरी काढून ठेवलेली असावी. कायम लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर मूळ डेटाबरोबरच बंद करतं.

तोडलेल्या प्रतीची किंमत मर्स्क या जहाज कंपनीला विचारा. २७ जून २०१७ च्या नॉटपेट्या हल्ल्यात तिची जगभरची यंत्रणा बसली. न्हावा शेवा बंदरातलं तिच्या समूहाचं टर्मिनलही त्यात अडकलं. सगळ्या नेटवर्कची नोंदवही असणाऱ्या सर्व्हरची एकच शाबूत प्रत सापडली, ती घाना देशात. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून तो सर्व्हर बंद होता! लोडशेडिंगने जगातली मोठी कंपनी वाचली. पण लोडशेडिंगच्या भरवशावर आपण बसू नये.

विक्रेत्याला विचारायचे आठ प्रश्न

१. आमचं सॉफ्टवेअर चालू असताना बॅकअप नीट घेता येतो का? टॅली किंवा बिलिंगचा डेटाबेस उघडा असताना साधी कॉपी केली तर ती अर्धवट येऊ शकते. चालू फाइलची त्या क्षणाची पूर्ण प्रत घेण्याची सोय हवी.

२. एकच फाइल, एखादं फोल्डर आणि पूर्ण कॉम्प्युटर, तिन्ही परत आणता येतात का? नवीन, वेगळ्या कंपनीच्या मशीनवर आणता येतात का? जुनं मॉडेल बाजारात मिळत नाही, म्हणून हे विचारायचं.

३. किती जुन्या तारखेपर्यंत मागे जाता येतं? बिघाड महिनाभराने लक्षात आला तर सात दिवसांचे बॅकअप निरुपयोगी.

४. ठरलेल्या मुदतीपर्यंत कोणालाही, मालकालासुद्धा, पुसता येणार नाही अशी प्रत ठेवता येते का? लॉगिनला पासवर्डशिवाय दुसरी खात्री आहे का?

५. बॅकअप कुलूपबंद असतो का, आणि त्याची किल्ली कोणाकडे? किल्ली हरवली तर कंपनीही डेटा उघडून देऊ शकत नाही. पासवर्ड कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा.

६. बॅकअप फसला तर कळवणार कसं? दररोज मेल आला पाहिजे, आणि तो वाचणारा एक माणूस नेमलेला पाहिजे.

७. पैसे कशावर? कॉम्प्युटरवर, सर्व्हरवर की जागेवर? दुसऱ्या वर्षी किती? क्लाउडवरून डेटा परत घेताना वेगळा आकार आहे का? तीन वर्षांचा एकूण खर्च लेखी घ्या.

८. उद्या तुमची सेवा सोडली किंवा तुमची कंपनी विकली गेली, तर जुने बॅकअप कशात उघडायचे? हा प्रश्न हवेतला नाही. या क्षेत्रातल्या व्हेरिटास या जुन्या नावाचा बॅकअप व्यवसाय डिसेंबर २०२४ मध्ये कोहेसिटीत विलीन झाला.

क्लाउड घेताना इंटरनेटचा हिशेब

समजा तुमचा डेटा ५०० जीबी आहे आणि अपलोडचा वेग २० एमबीपीएस. पहिला पूर्ण बॅकअप चढायला सलग सुमारे ५५ तास लागतील, तेही लाइन न तुटता. परत उतरवताना वेग १०० असला तरी ११ तास. तुमचा आरटीओ दोन तासांचा असेल तर निव्वळ क्लाउडवर भागणार नाही. जवळ एक प्रत हवीच. पुढचे बॅकअप फक्त बदललेल्या भागाचे असतात, त्यामुळे ते लवकर होतात.

'आमचं सगळं क्लाउडवर आहे, बॅकअप कशाला' असंही ऐकायला मिळतं. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गूगल क्लाउडवरचं खातं सेटिंगच्या चुकीने पुसलं गेलं, दोन ठिकाणच्या प्रतींसकट. दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपचा मोठा आधार झाला.

प्राथमिक कृषी पतसंस्थांनाही हेच लागू. केंद्राने २९ जून २०२२ रोजी ६३,००० संस्थांच्या संगणकीकरणाला २,५१६ कोटी रुपयांची मंजुरी दिली. सॉफ्टवेअर वरून आलं तरी, आपल्या खातेयादीची प्रत किती वेळाने आणि कशी मिळणार, हे सचिवांनी विचारून ठेवावं.

पर्याय कोणकोणते

एक-दोन कॉम्प्युटर असतील तर टॅलीप्राइममधला बॅकअप, विंडोजमधली फाइल हिस्ट्री आणि दोन बाहेरच्या डिस्क, एवढ्यावर सुरुवात होते. अर्बॅकअप हे मुक्त स्रोतातलं सॉफ्टवेअर फुकट आहे, पण बसवून देणारा जाणकार लागतो. वीमची कम्युनिटी आवृत्ती १० मशीनपर्यंत विनामूल्य चालते. पैसे देऊन घ्यायचं तर ॲक्रोनिस, चेन्नईच्या वेंबूचं बीडीआरसूट अशी नावं आहेत. २००८ मध्ये पुण्यात सुरू झालेली द्रुवा क्लाउडवरची सेवा देते. ती मोठ्या संस्थांच्या कामाची.

कोणतंही घ्या, अपडेट करत राहा. वीमच्या सर्व्हर सॉफ्टवेअरमधली एक गंभीर त्रुटी सप्टेंबर २०२४ मध्ये दुरुस्त केली गेली. ज्यांनी दुरुस्ती बसवली नव्हती त्यांच्याकडे रॅन्समवेअरवाले त्याच वाटेने शिरले. कुलूपच तुटकं असेल तर तिजोरीचा उपयोग काय?

शंभर मार्कांची मार्कशीट

दोन-तीन सॉफ्टवेअर महिनाभर चाचणीवर घ्या आणि असे गुण द्या : डेटा परत आणण्याची परीक्षा ३०, हल्ल्यापासून बचाव २०, आपल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी मेळ १५, तीन वर्षांचा खर्च १५, फोनवर आणि प्रत्यक्ष मिळणारी मदत १०, चालवायला सोपेपणा १०. पहिल्या परीक्षेत नापास झालेल्याला बाकीचे गुण कितीही असोत, बाद करा. मदतीचे गुण देताना आपल्याकडच्या दोन गोष्टी बघा : बसवकल्याण किंवा कलबुर्गीहून माणूस त्याच दिवशी येतो का, आणि कन्नड, मराठी नावांच्या फाइली परत आल्यावर नीट वाचता येतात का.

परीक्षा कशी घ्यायची

गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, त्यातली एकही ऐनवेळी नीट कामाला आली नाही. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाती होती, तिच्यावर निभावलं. म्हणजे परत आणून बघितल्याशिवाय बॅकअपवर भरवसा ठेवता येत नाही.

चाचणी चालू मशीनवर कधीच करू नका; जुन्या डेटावर नवा पुसला जाईल. दुसरा कॉम्प्युटर घ्या, वेगळं फोल्डर द्या, घड्याळ लावा. डेटा उघडला की चार गोष्टी जुळवा : ट्रायल बॅलन्स, अखेरचा साठा, शेवटच्या बिलाचा नंबर आणि कोणत्याही पाच खातेदारांची बाकी. जुळल्या तर पास. किती मिनिटं लागली ते वहीत लिहा आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा करा.

कायदा काय सांगतो

जीएसटीच्या नियम ५७ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदींचा योग्य बॅकअप ठेवणं बंधनकारक आहे, आणि नोंदी नष्ट झाल्या तर त्या वाजवी मुदतीत परत उभ्या करता आल्या पाहिजेत. कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायचे आहेत. नोंदणीकृत कंपन्यांनी तर ऑगस्ट २०२२ पासून हिशेबांचा बॅकअप दररोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवायचा आहे. नियम केंद्राचे आहेत, त्यामुळे दुकान मंठाळला असो की उमरग्याला, फरक पडत नाही.

हल्ला झालाच तर आधी नेटवर्कची वायर काढा, बॅकअपची डिस्क लावायची घाई करू नका, आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. कंपन्या आणि सरकारी संस्थांनी सर्ट-इनला सहा तासांत कळवणं २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने सक्तीचं आहे.

जगभर ३१ मार्च हा बॅकअप दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे तोच वर्षअखेरचा दिवस. खाती बंद करताना त्या दिवसाची एक पूर्ण प्रत काढा, तारीख लिहा आणि दुकानाबाहेर ठेवा. पण पहिली चाचणी त्या तारखेपर्यंत थांबवू नका; तुरीचा हंगाम सुरू होण्याआधी एकदा करून घ्या.