विद्युत गिटारचे घाट : वादनातील सोय

विद्युत गिटारचा आवाज तारांच्या कंपनातून आणि पिकअपमधून येतो. पोकळ पेटीची गरज नसल्यामुळे तिच्या बॉडीला हवा तो घाट देता येतो. हा घाट वादकाच्या हाताला, बरगडीला आणि मांडीला कितपत मानवतो, हे वजन, तोल, कडांची गोलाई आणि वरच्या फ्रेटपर्यंतची पोहोच यांवर ठरते. प्रचलित घाट उभ्याने किंवा खुर्चीत बसून वाजवणाऱ्यासाठी आखलेले आहेत. पण चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या नागभीड, ब्रह्मपुरी, देसाईगंज या झाडीपट्टीत भजनाची बैठक सतरंजीवर बसते. इथल्या नाटकांत मान ऑर्गन-तबल्याचा. गिटार हे इथले नेहमीचे वाद्य नव्हे. पण गिटार शिकणाऱ्या मुलाचा घरचा सराव बहुधा फरशीवर मांडी घालूनच होतो, म्हणून या लेखात हे घाट त्या बैठकीच्या कसोटीवरही पाहिले आहेत.

फेंडर कंपनीची टेलिकास्टर (1950 साली ब्रॉडकास्टर या नावाने आली, 1951 पासून हे नाव) म्हणजे सुमारे 45 मिलिमीटर जाडीची सरळ फळी. पुढची-मागची बाजू सपाट, कडा जवळजवळ काटकोनी. अर्धा-पाऊण तास वाजवले की उजव्या हाताच्या कोपराखाली, आतल्या बाजूला, कडेची लाल रेघ उमटते. मागची कड बरगडीत रुतते ती वेगळीच. अशा तक्रारी वादकांकडून आल्या आणि 1954 च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये त्यांचे निवारण झाले. हात टेकतो तिथे वरची कड उतरती तासली, पोट लागते तिथे मागून खोलगट कापली. वरचे शिंग बाराव्या फ्रेटपर्यंत पुढे आले. पट्ट्याची खुंटी त्या शिंगावर असल्यामुळे गिटार गळ्यात तोलून राहते, डाव्या हाताला नेक सावरून धरावी लागत नाही. आजही सोयीच्या बाबतीत इतर घाटांची तुलना याच गिटारशी केली जाते आणि ते योग्यच आहे.

गिब्सनची लेस पॉल (1952) जाड आणि जड आहे. चार किलोच्या वर वजन सहज जाते. वरचा पृष्ठभाग कोरून फुगवटा दिलेला असल्याने मनगटाला ती बरी वाटते, पण मागे पोटासाठी खोलगट काप नाही आणि रुंद पट्टा नसेल तर डावा खांदा भरून येतो. बसल्यावर मात्र हेच वजन कामी येते: बॉडी मांडीवर ठाण मांडते, हलत नाही. तिची वारसदार म्हणून 1961 मध्ये आलेली एसजी जेमतेम 35 मिलिमीटर जाडीची, कडा उतरत्या, वरच्या फ्रेटपर्यंत हात सरळ जातो. तिचा दोष तोलाचा. पट्ट्याची खुंटी नेकच्या बुंध्याशी आहे आणि बॉडी हलकी, म्हणून डावा हात सोडला की नेक खाली झुकते. दुकानात गिटार पाहताना ही परीक्षा अवश्य करावी: पट्टा गळ्यात घालून दोन्ही हात सोडायचे आणि नेक कुठे जाते ते पाहायचे.

मांडी घालून बसल्यावर अडचण वेगळीच येते. खुर्चीत उजवी मांडी जमिनीला समांतर असते आणि बॉडीची कंबर तिच्यावर बसते. सतरंजीवर मांडी बाहेर पसरते, गुडघा खाली जातो, कंबरेला टेकायला उंचवटाच उरत नाही. गिटार मांडीत घसरते आणि नेक डाव्या गुडघ्याकडे कलते. मग वादक पाठीला पोक काढून वाजवू लागतो. यावर साधा उपाय आहे. बसतानाही पट्टा गळ्यात ठेवावा, आखूड करून, आणि उजव्या मांडीखाली चादरीची घट्ट घडी घ्यावी. या बैठकीत स्ट्रॅटोकास्टर पट्ट्याच्या आधाराने उत्तम राहते. गिब्सनची 1958 ची ईएस-335 सोळा इंच रुंद असल्याने उजवा हात उचलून धरावा लागतो. लहान चणीच्या मुलांनी ती टाळावी. त्याच वर्षीची फ्लाइंग व्ही खुर्चीवरही सपाट ठेवली तर घसरते, म्हणून मूळ गिटारच्या खालच्या कडेला रबराची पट्टी लावलेली होती. तिच्या दोन पंखांच्या खाचेत उजवी मांडी घेऊन, नेक वर रोखून बसले तर ती आश्चर्यकारक स्थिर राहते. मांडी घातल्यावर मात्र खालच्या पंखाला जागाच मिळत नाही.

जमिनीवरच्या बैठकीला जन्मतःच मानवणारा प्रकार म्हणजे आडवी ठेवून वाजवायची गिटार. विद्युत गिटारची सुरुवातही तिथूनच झाली: रिकनबॅकरची 1932 च्या सुमाराची ॲल्युमिनियमची ‘फ्राइंग पॅन’ मांडीवर आडवी ठेवायची होती. ब्रिजभूषण काब्रा यांनी हिंदुस्थानी रागसंगीतात गिटार आणली तीही आडवी, तारांवर लोखंडी कांडी फिरवून. 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत ती ऐकायला मिळते.

बॉडी स्थानिक सुताराकडून करून घेण्याचा विचार चंद्रपूर-गडचिरोलीत साहजिकच सागाकडे जातो. साग टिकाऊ आणि देखणा असतो, पण जड. अल्डरची स्ट्रॅटोकास्टर-बॉडी साधारण दोन किलोची होते. त्याच मापाची सागाची पावणेतीन-तीन किलोंवर जाईल. नेक, तारा, खुंट्या धरून ती लेस पॉलच्या वजनाला पोहोचते. याच जंगलातली शिवण हलकी आहे आणि वाळल्यावर आकार धरून ठेवते. खांद्याचा विचार केला तर तिला पहिली पसंती द्यावी. साग वापरायचाच असेल तर आतून पोकळ्या काढून वरून पातळ फळी बसवावी.

नेकचे टोकच काढून टाकून झुकण्याचा प्रश्न सोडवणाऱ्या गिटारही आहेत. नेड स्टाइनबर्गर यांनी हा मार्ग 1980 च्या आसपास आधी बास गिटारसाठी रूढ केला. अशा गिटारची बॉडी वहीएवढी, लांबी एक मीटरऐवजी पाऊण मीटरच्या आसपास, आणि मांडीवर टेकवायला घडीचा पाय. एसटीच्या गर्दीत ती पायांपाशी उभी ठेवता येते.