सुजलेली दाढ आणि कामशेतचं स्टेशन

मावळावर लिहायला बसलं की हात आपोआप किल्ल्यांकडे वळतो. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना... मग रेल्वे, मग चिक्की. दातांवर कोण लिहिणार? पण गेले काही दिवस माझ्या डोक्यात दाढदुखीच घोळतेय. वाचता वाचता लक्षात आलं, की आपल्या तालुक्याचा इतिहास दाढेतूनही सांगता येतो.

सुरुवात लेण्यांपासून करू. कार्ले, भाजे, बेडसे इथे दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षू राहत होते. त्यांच्या ग्रंथांपैकी पाली विनयपिटकात दात घासायच्या काडीचे चक्क नियम आहेत! काही वात्रट भिक्षू लांबलचक काड्या वापरून वर त्यांनी श्रामणेरांना मारत, म्हणून काडी आठ अंगुळांपेक्षा मोठी नको. पुढे एकाच्या घशात आखूड काडी अडकली, म्हणून चार अंगुळांपेक्षा लहानही नको. सुश्रुतसंहिता काडी बारा अंगुळं लांब आणि करंगळीएवढी जाड असावी म्हणते, आणि कडू झाडांत कडुनिंबाला पहिला मान देते. म्हणजे रोज दात घासायचे हे आपल्याला कुणी साहेबाने येऊन शिकवलेलं नाही.

मग बिघडलं कुठे? एक कारण आमच्या आजीच्या डबीत होतं. मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने हिरड्यांना चोळायची. दुखरी हिरडी घटकाभर बधिर होते, त्यामुळे औषध लागू पडल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात हिरड्या झिजतात, दात उघडे पडतात, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो तो वेगळाच. दात राखायच्या नावाखाली कितीतरी बायकांनी दात घालवले.

दुसरं कारण भाषेतच बसलंय. आपण अजून 'दात किडला' म्हणतो. दातात खरोखरची कीड असते असा समज जगभर होता, आणि बाजारात ती काढून दाखवणारेही होते. फ्रान्सच्या पिएर फोशारने १७२८ च्या ग्रंथात या किड्यांवर अविश्वास दाखवला. जंतू तोंडातल्या साखर-पिठाचं आम्ल करतात आणि ते आम्ल दात खातं, हे मिलर नावाच्या दंतवैद्याने १८९० मध्ये मांडलं. चिक्कीचा गूळ दाढेच्या खाचेत रात्रभर बसला की नेमकं हेच होतं. चिक्की सोडा असं म्हणायला मी काही धजणार नाही (लोणावळ्यात राहायचंय मला!), पण खाल्ल्यावर चूळ भरा, झोपण्यापूर्वी ब्रश करा, आणि भरलेल्या किंवा तडकलेल्या दाढेने ती फोडू नका.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं ती. आजीचा धाकटा भाऊ पवन मावळात दाढ सुजून गेला. स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. दाढ आठवडाभर ठणकत होती. लवंग ठेवली, शेक दिला. मग गालाची सूज हनुवटीखाली उतरली, तोंड उघडेना, पाणी गिळेना. भर पावसात बैलगाडी जुंपून कामशेत स्टेशनला न्यायचं ठरलं, पण ओढ्याला पाणी होतं. तिसऱ्या रात्री श्वास कोंडला. घरात शेवटपर्यंत 'बाहेरचं काहीतरी' म्हणत राहिले.

बाहेरचं काही नव्हतं. दाढेतला पू जिभेखाली आणि गळ्यात पसरला की श्वासाची वाटच दाबली जाते. जर्मन डॉक्टर लुडविगने १८३६ मध्ये या दुखण्याचं वर्णन करून ठेवलं होतं. आमच्याकडे खंडाळा ते पुणे आगगाडी १८५८ मध्ये धावली, १८६३ मध्ये बोरघाटही जोडला गेला. पण स्टेशनपर्यंतची वाट बैलगाडीचीच राहिली, आणि पोचून तरी दाखवायचं कुणाला? कलकत्त्याचं दंतमहाविद्यालय १९२० चं, मुंबईत नायरचं १९३३ चं. शिकलेल्या दंतवैद्यांची नोंदणी देशभर लागू करणारा कायदा आला १९४८ मध्ये. तोवर दाढ उपटायला गावात न्हावी.

आणि पेनिसिलिन? कामशेतहून पुण्याकडे निघालं की त्याच लोहमार्गावर पिंपरी लागतं. तिथे १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी पेनिसिलिन बनू लागलं. आजीच्या भावाला ते काही वर्षांनी चुकलं. पण नुसत्या गोळीनेही भागत नाही. सूज उतरली तरी मूळ दाढेतच असतं. दाढ उघडून साफ करावी लागते, नाहीतर काढावी लागते. म्हणून केमिस्टकडून आणलेल्या दोन गोळ्यांवर खूश होऊन विसरू नका. दुखऱ्या हिरडीवर अ‍ॅस्पिरिन तर मुळीच ठेवू नका, चामडी भाजते. आणि सुजेबरोबर ताप असेल, तोंड उघडत नसेल, गिळायला किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर सकाळची वाट न बघता थेट मोठं हॉस्पिटल गाठा.

उलट एका बाबतीत मावळ सुदैवी. भुशी धरणाच्या निसरड्या पायऱ्यांवर पोरं तोंडावर आपटतात आणि पुढचा दात मुळासकट हातात येतो. तो फेकू नका! डेन्मार्कच्या आंद्रेआसेन आणि सहकाऱ्याने १९६६ मध्ये परत बसवलेल्या ११० दातांचा अभ्यास छापला. अर्ध्या तासाच्या आत बसवलेल्यांपैकी ९० टक्के दातांची मुळं झिजली नव्हती. दोन तासांहून जास्त उशीर झालेल्यांत जवळजवळ सगळ्यांची झिजली. मुळावरच्या नाजूक पेशी कोरड्या पडल्या की मरतात, आणि साध्या पाण्यात ठेवल्या तर फुगून फुटतात. दुधात तग धरतात. म्हणून दात वरच्या पांढऱ्या भागाने धरा, मूळ घासू नका, मळला असेल तर दुधाने हलकेच धुवा. जमलं तर तिथेच खाचेत बसवून रुमाल चावायला द्या. नाही जमलं तर दुधात टाका आणि लगेच दंतवैद्याकडे पळा. फक्त दुधाचा दात परत बसवत नाहीत, खालच्या पक्क्या दाताला इजा होते.

असो. आता दारात गाडी आहे, दवाखाने आहेत, २००२ पासून अख्खा एक्सप्रेसवे आहे. तरी पहिला अर्धा तास घरच्यांच्याच हातात असतो. गणपतीत सगळे जमलो की हे पोरांना सांगणार आहे, आणि आजीच्या भावाची गोष्टसुद्धा, दाढेच्या खऱ्या कारणासकट.