प्रतीमागे चार सेंट : हॅलॉइड ते झेरॉक्स

न्यूयॉर्क राज्यातले रॉचेस्टर हे शहर एकेकाळी कोडॅकचे गाव म्हणूनच ओळखले जाई. त्याच गावात १९०६ साली हॅलॉइड नावाची एक छोटी कंपनी निघाली. फोटो छापण्याचा कागद तयार करायचा आणि विकायचा, एवढाच तिचा व्यवसाय. कोडॅकसारख्या बलाढ्य शेजाऱ्याच्या सावलीत ती चाळीस वर्षे तग धरून होती. पुढे याच कंपनीने जगभरातल्या कचेऱ्यांची काम करण्याची रीत बदलून टाकली. ज्या यंत्राने हे घडले त्यामागचा शोध हॅलॉइडचा नव्हता, तो बाहेरून आला होता. तो बाजारात कसा न्यायचा, हे मात्र तिने स्वतः शोधून काढले, आणि माझ्या मते या संस्थेचा खरा पराक्रम तोच आहे.

शोध तयार, घेणारा कोणी नाही

चेस्टर कार्लसन हा पी. आर. मॅलरी कंपनीच्या पेटंट विभागात नोकरीला होता. पेटंटच्या कामात कागदपत्रांच्या आणि आकृत्यांच्या प्रती सतत लागत, आणि त्या कधीच पुरत नसत. प्रत हवी तर मजकूर पुन्हा टंकलिखित करायचा किंवा फोटो काढून आणायचा. कार्लसन रात्री कायद्याचे शिक्षण घेत होता. पुस्तके विकत घेणे परवडत नसल्याने तो ग्रंथालयात बसून पानेच्या पाने हाताने उतरवून काढी. त्यात संधिवात आणि अधू नजर. प्रत काढण्याची सोपी युक्ती हवी, ही त्याची स्वतःची निकड होती.

तो कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा भौतिकशास्त्राचा पदवीधर. काही पदार्थ अंधारात विजेचा भार धरून ठेवतात आणि उजेड पडला की सोडून देतात, हे त्याला ठाऊक होते. अशा पदार्थाचा लेप दिलेल्या पत्र्यावर भार चढवायचा आणि मजकुराची प्रतिमा त्यावर पाडायची. जिथे उजेड पडेल तिथला भार निघून जाईल, अक्षरांच्या सावलीतला तेवढा टिकेल. मग वर बारीक पूड टाकली की ती अक्षरांनाच चिकटेल. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागातल्या एका खोलीत त्याने ऑस्ट्रियाहून आलेल्या ओटो कोर्नाय या मदतनिसासह हे करून पाहिले. गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासला, काचेवर शाईने तारीख आणि ‘अॅस्टोरिया’ हे नाव लिहिले, वरून प्रखर उजेड पाडला, पूड टाकून फुंकली. पत्र्यावर अक्षरे उमटली. मेणकागद दाबल्यावर ती कागदावर उतरली.

१९४२ मध्ये पेटंट मिळाले. घेणारा मात्र मिळेना. आयबीएम, कोडॅक, आरसीए, जनरल इलेक्ट्रिक, अशा वीसहून अधिक कंपन्यांनी नकार दिला. त्यांना मूर्ख म्हणणे सोपे आहे, पण त्यांच्यासमोर जे ठेवले गेले ते होते धूसर अक्षरांचा एक कागद आणि हाताने करायची पाच-सहा कामे. कार्बन पेपर स्वस्तात मिळत असताना एवढ्या खटाटोपावर पैसे कोण लावणार?

बॅटेलची पायरी

१९४४ मध्ये ओहायो राज्यातल्या कोलंबस येथील बॅटेल मेमोरियल इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने हा शोध हाती घेतला. ना-नफा तत्त्वावर चालणारी ही संस्था उद्योगांसाठी संशोधन करून देई. उत्पन्नाचे ६० टक्के बॅटेलला, ४० टक्के कार्लसनला, असा करार ठरला. स्वतःच्या शोधातला मोठा वाटा दुसऱ्याला देणे अनेक संशोधकांना जिवावर येते. कार्लसनने तो दिला, कारण प्रयोगशाळा, माणसे आणि वेळ यांपैकी काहीच त्याच्याकडे नव्हते. बॅटेलमध्ये गंधकाच्या जागी कितीतरी अधिक संवेदनशील सेलेनियम आले, भार चढवण्याची खात्रीची पद्धत सापडली, पुडीतही सुधारणा झाली. शोध आणि माल यांच्यामध्ये एक लांबच लांब पट्टा असतो. तिथे ना संशोधकाचे नाव होते, ना व्यापाऱ्याचा फायदा. तो पट्टा पार करणाऱ्या संस्थेचे मोल फार मोठे आहे.

छोट्या कंपनीचा मोठा निर्णय

हॅलॉइडचा संशोधनप्रमुख जॉन डेसॉअर याने १९४५ मध्ये या प्रक्रियेविषयीचा एक सारांश वाचला आणि जोसेफ विल्सनला दाखवला. ज्यांच्या हाती कंपनी होती त्या घराण्यातली ही तिसरी पिढी. युद्ध संपले होते आणि फोटोच्या कागदावर पुढची वर्षे निघणार नाहीत, हे विल्सनला दिसत होते. १९४७ पासून बॅटेलबरोबर करार लागू झाला. संशोधनासाठी वर्षाला २५ हजार डॉलर आणि पुढच्या विक्रीवर ८ टक्के स्वामित्वधन. ज्या कंपनीचा वर्षाचा नफा लाखभर डॉलरच्या घरात, तिच्यासाठी ही पदरमोडच होती. २२ ऑक्टोबर १९४८ रोजी, पहिल्या प्रयोगाला बरोबर दहा वर्षे होताना, डेट्रॉइटमध्ये ऑप्टिकल सोसायटीच्या सभेत ही प्रक्रिया जगासमोर आली.

१९४९ मध्ये बाजारात आलेले पहिले यंत्र, मॉडेल ए, हाताने चालवायचे होते. एका प्रतीसाठी डझनावारी क्रिया कराव्या लागत. कचेऱ्यांनी ते नाकारले. पण ऑफसेट छपाईसाठी लागणारी कागदी मूळप्रत या यंत्राने स्वस्तात तयार होते, असे लक्षात आले. ज्याचा कोणी विचार केला नव्हता त्या कामासाठी यंत्र खपू लागले. १९५५ मध्ये मायक्रोफिल्मवरून लांबलचक कागदावर प्रती काढणारे कॉपीफ्लो आले. मूळ स्वप्न दूर होते, पण अशा आडवाटेच्या कमाईने संशोधनाची चूल पेटती ठेवली. मालाचा उपयोग गिऱ्हाईक ठरवतो, आपण ठरवलेल्या उपयोगाला चिकटून बसू नये, हे हॅलॉइड इथे शिकली.

दरम्यान पेटंटची मालकी शेअरच्या बदल्यात बॅटेलकडून हॅलॉइडकडे आली. १९५६ मध्ये ब्रिटनच्या रँक कंपनीशी भागीदारी होऊन रँक झेरॉक्स निघाली. अमेरिकेबाहेरच्या बाजाराचा भार उचलायला भागीदार हवा, हे विल्सनने वेळीच ओळखले. १९६२ मध्ये जपानात फुजीबरोबर असेच पाऊल टाकले गेले. १९४७ ते १९६० या काळात कंपनीने या एका शोधावर सुमारे ७ कोटी ५० लाख डॉलर घातले. धंद्यातून झालेल्या कमाईच्या हे जवळपास दुप्पट. उरलेले पैसे कर्जातून आणि शेअर विकून उभे केले.

विकायचे की भाड्याने द्यायचे?

आता खरा पेच. नवे यंत्र होते ९१४. नऊ बाय चौदा इंचांपर्यंतच्या कागदाची प्रत ते काढी, म्हणून हे नाव. साध्या कागदावर, मिनिटाला सात प्रती. बटण दाबायचे आणि प्रत घ्यायची. पण वजन जवळपास तीनशे किलो, आणि तयार करण्याचा खर्चच सुमारे दोन हजार डॉलर. बाजारातली प्रतीची इतर यंत्रे तेव्हा तीनशे डॉलरच्या आसपास मिळत. त्यांना खास कागद लागे, प्रत ओलसर किंवा तपकिरी निघे, पण यंत्र स्वस्त होते. उत्पादक पैसे कमवत ते कागदावर.

हॅलॉइडने भागीदार शोधून पाहिला. कोडॅक, जनरल इलेक्ट्रिक, आयबीएम, सगळ्यांकडून नकार आला. आयबीएमने आर्थर डी. लिटल या नामांकित सल्लागारांकडून पाहणी करून घेतली. काही खास कामांसाठी यंत्र चांगले आहे, पण कचेऱ्यांच्या बाजारात त्याला भवितव्य नाही, असा निष्कर्ष निघाला. त्यामागचा हिशेब चुकीचा नव्हता. बाजारातल्या एका यंत्रावर तेव्हा दिवसाला सरासरी १५ ते २० प्रती निघत होत्या, त्यासाठी हजारो डॉलरचे यंत्र घेणार कोण? चूक होती ती प्रश्नात. लोक आज किती प्रती काढतात हे त्यांनी मोजले. प्रत काढणे सोपे, स्वच्छ आणि झटपट झाले तर किती काढतील, हे कोणी विचारले नाही. नव्या वस्तूची गरज जुन्या वस्तूच्या खपावरून मोजली की असेच होते.

विल्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यंत्र विकण्याचा आग्रह सोडला. महिन्याला ९५ डॉलर भाडे, दुरुस्ती-देखभाल त्यातच, पहिल्या २,००० प्रती मोफत, पुढे प्रत्येक प्रतीला ४ सेंट. यंत्रात मोजणीचा मीटर. पसंत पडले नाही तर पंधरा दिवसांची नोटीस द्या आणि परत करा. सगळी जोखीम कंपनीने स्वतःच्या शिरावर घेतली. लोकांनी कमी प्रती काढल्या असत्या तर हॅलॉइड बुडाली असती. एवढी खात्री ती बाळगू शकली, कारण एकदा प्रत पाहिलेला माणूस थांबणार नाही यावर तिचा विश्वास होता.

१६ सप्टेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या शेरी-नेदरलँड हॉटेलात यंत्र पहिल्यांदा दाखवले तेव्हा दोनपैकी एकाने पेट घेतला, दुसऱ्याने काम निभावले. १९६० मध्ये यंत्रे बाहेर पडू लागली. एवढे अवजड यंत्र दारोदार नेऊन दाखवणे अशक्य, म्हणून दूरचित्रवाणीच्या जाहिरातीत एक लहान मुलगी सहज प्रत काढून आणताना दाखवली. आणि मग कचेऱ्यांमधले मीटर पळू लागले. एका यंत्रावर दिवसाला सरासरी २,००० प्रती! महिन्याची मोफत मर्यादा पहिल्याच दिवशी संपे. महिन्याला कामाचे वीस दिवस धरले तर जादा प्रती होतात ३८,००० आणि त्यांचे १,५२० डॉलर, भाडे वेगळेच. १९६१ मध्ये कंपनी झेरॉक्स कॉर्पोरेशन झाली. तीन कोटी डॉलरच्या आसपास उलाढाल असलेली कंपनी १९७२ पर्यंत अडीच अब्ज डॉलरवर पोचली. कार्लसनलाही अमाप पैसा मिळाला. १९६८ मध्ये मरण येण्याआधी त्याने त्यातला बहुतांश, सुमारे दहा कोटी डॉलर, बहुतेक वेळा नाव न लावता दान केला. कोर्नायलाही तो विसरला नाही, त्याला त्याने शेअर भेट दिले.

यशाच्या सवयीचा तोटा

वाटचाल इथे थांबवली तर ती अपुरी ठरेल. १९७० मध्ये झेरॉक्सने पालो आल्टो येथे संशोधन केंद्र काढले. तिथे १९७३ मध्ये आल्टो नावाचा संगणक तयार झाला. पडद्यावर चित्रे, हातात माऊस, यंत्रे एकमेकांना जोडलेली. पुढच्या काळातला संगणक म्हणजे जवळपास हेच. पण झेरॉक्सची विक्रीची सारी शिस्त मोठ्या, भाड्याच्या, प्रतीमागे पैसे देणाऱ्या यंत्रावर बेतलेली होती. आल्टो त्या चौकटीत बसेना. १९८१ मध्ये स्टार हा संगणक बाजारात आला, त्याची किंमत सोळा हजार डॉलरच्या वर होती. त्याच सुमारास स्वस्त संगणकांनी बाजार व्यापला. त्याच केंद्राशी जोडलेला लेझर प्रिंटर मात्र १९७७ पासून भरभरून चालला, कारण तो छापील पानांवर पैसे मिळवण्याच्या ओळखीच्या वाटेने गेला.

१९७५ मध्ये मक्तेदारीविरोधी खटल्यातल्या तडजोडीने झेरॉक्सला आपली पेटंटे इतरांना द्यावी लागली. रिको, कॅनन यांसारख्या जपानी कंपन्या लहान, स्वस्त यंत्रे दुकानदारांमार्फत सरळ विकू लागल्या. ज्या छोट्या कचेरीला भाड्याचे मोठे यंत्र परवडत नव्हते ती त्यांची गिऱ्हाईक झाली. ९१४ च्या वेळी सल्लागारांनी केलेली चूक आता झेरॉक्सने केली. आज कोण काय वापरतो हे पाहिले, उद्या कोण वापरू शकेल हे पाहिले नाही.

आपल्यासाठी

१९८० च्या दशकात मोदी झेरॉक्सच्या रूपाने कंपनी भारतात आली. आज तहसील कचेरीच्या, कोर्टाच्या, महाविद्यालयाच्या दारासमोर जी झेरॉक्सची दुकाने असतात, त्यांत यंत्र बहुधा दुसऱ्याच कंपनीचे असते. तिथे सातबारा, गुणपत्रिका, आधार कार्ड घेऊन आलेला माणूस एका पानाचे पैसे देतो आणि निघून जातो. यंत्राची किंमत काय, हे त्याला माहीत असण्याचे कारण नाही. प्रतीमागे पैसे घेण्याचा १९५९ चा निर्णय असा आपल्या गावापर्यंत पोचला आहे.

आपल्याकडे आता अभियांत्रिकी महाविद्यालयांमधून, संशोधन संस्थांमधून नवनवी उपकरणे तयार होतात, पेटंटे निघतात, आणि त्यांतली कितीतरी तिथेच राहतात. त्या संशोधकांना मला मनापासून सांगावेसे वाटते, की पेटंट मिळाले म्हणजे अर्धेच काम झाले. उरलेले अर्धे काम तीन प्रश्नांचे आहे. शोध पक्का करायला कोणाची साथ लागेल आणि त्यासाठी आपला किती वाटा सोडायचा? गिऱ्हाईक नेमके कशाचे पैसे देईल, यंत्राचे की त्यातून मिळणाऱ्या फळाचे? आणि वस्तू चालली नाही तर नुकसान कोणी सोसायचे? कार्लसनने पहिला प्रश्न सोडवला, विल्सनने पुढचे दोन. दोघेही एकट्याने हे करू शकले नसते. शोध लावणाऱ्याने विकणाऱ्याला कमी लेखू नये, आणि विकणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या वतीने जोखीम घेण्याचे धाडस ठेवावे. ज्या संस्थेत ही दोन्ही माणसे एका टेबलाशी बसतात, तिथला शोध लोकांच्या हाती पोचतो.