धारित्राची जोडणी: समुद्री तारेपासून अहमदनगरच्या वाहनचाचणीपर्यंत

मापन-उपकरणात बदलता संकेत तेवढा जावा व स्थिर दाब बाहेरच राहावा, यासाठी मार्गात धारित्र म्हणजे कपॅसिटर घालण्याची पद्धत इलेक्ट्रॉनिकीपूर्वीची आहे. १८६०च्या दशकात क्रॉमवेल व्हार्ले यांनी समुद्राखालील तारेशी धारित्रे जोडली. भूप्रवाहांमुळे विल्यम थॉमसन यांच्या आरसा-गॅल्व्हानोमीटरवरील प्रकाशठिपका जागचा ढळत असे; त्यास त्यामुळे आळा बसला. हेतू वाचन शुद्ध राखण्याचा होता. उपकरण वाचविण्याचा प्रश्न नंतरचा.

फाळणीनंतर चकलालाहून अहमदनगरास (आताचे अहिल्यानगर) आलेल्या वाहन संशोधन व विकास आस्थापनेच्या क्षेत्रात, म्हणजे वाहनांच्या विद्युतचुंबकीय चाचणीत, हा दुसरा प्रश्न ठळक होतो. लष्करी वाहनाचा पुरवठा २८ व्होल्टचा. त्यावरील गोंगाट मात्र मायक्रोव्होल्टांत मोजावयाचा. मापन-ग्राहीचा रोध ५० ओहम असल्याने थेट जोडणीत अर्ध्या अँपिअरहून अधिक एकदिश प्रवाह आत शिरेल आणि नाजूक प्रवेशभाग जळेल. म्हणूनच ‘सिस्पर २५’ या मानकातील जोडणी-जालात ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र असते.

तथापि धारित्रास अभेद्य ढाल मानणे चूक ठरेल. पुरवठा सुरू होताना २८ व्होल्टची उडी हाही बदलच. रिकामे धारित्र तो जवळजवळ तसाच पुढे ढकलते. ही स्थिती अवघे काही मायक्रोसेकंद टिकते, पण संवेदनशील ग्राहीस तेवढे पुरते. यासाठी आधी पुरवठा सुरू करावा, जालातील १००० ओहमच्या रोधकातून धारित्र भारित होऊ द्यावे, मगच क्षीणकासह ग्राही जोडावा. पुरवठा बंद करण्यापूर्वी तो प्रथम काढावा.