फक्कीच्या रेषेवरून : माकणी परिसरातून पाहिलेली शालेय स्पर्धांची वाटचाल

धाराशिव जिल्ह्यातल्या माकणीच्या शिवारात सोयाबीन पिवळं पडू लागलं की शाळांमधला खेळाचा हंगाम भरात येतो. आधी तालुक्याच्या मैदानी स्पर्धा, त्यातून जिल्हा, मग लातूर विभाग आणि नंतर राज्य. काढणीही याच दिवसांत आणि सरावही याच दिवसांत. नववी-दहावीतला जो मुलगा तीन हजार मीटरला पळणार असतो, तोच घरी मळणीयंत्राजवळ घमेली भरायला लागतो. ‘सर, रास झाली की येतो’ हे वाक्य लोहारा तालुक्यातल्या प्रत्येक क्रीडाशिक्षकाच्या ओळखीचं आहे. सरही शेतकऱ्याच्याच घरातले, त्यामुळे ते रागावत नाहीत. रास होईपर्यंत उरलेल्या मुलांना घेऊन ते मैदानाला फेऱ्या मारत राहतात.

ही स्पर्धा म्हणजे एका इमारतीतली संस्था नाही. तिला पाटी नाही, कुलूप नाही. पण दरवर्षी ठरल्या दिवसांत ती उभी राहते, शेकडो गावांतली मुलं एका मैदानावर आणते आणि पुन्हा मिटते. त्यामुळे तिची वाटचाल लिहून ठेवण्याइतकी मोठी आहे, हे आपल्या सहज लक्षात येत नाही.

महाराष्ट्रात शाळाशाळांचे सामने रीतसर भरवण्याची सुरुवात मुंबईत झाली. तिथल्या शाळांची क्रीडा संघटना १८९३ ची. गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांच्या नावाची क्रिकेटची ढाल त्याच काळातली. त्या वेळी आपला हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि माध्यमिक शाळा शोधून सापडायच्या. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, १९५६ ला मुंबई राज्यात आला. याच दरम्यान, १९५४ साली, देशपातळीवर शालेय खेळांचा महासंघ स्थापन झाला. १९६० ला महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी दिल्लीत शालेय फुटबॉलची सुब्रतो चषक स्पर्धा सुरू झाली. भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांचं नाव तिला आहे. १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, गावोगाव शाळा वाढल्या आणि खेड्यातल्या पोरालाही या शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवता आला.

पहिला पाय पडला तो धावण्यात. त्याला चेंडू लागत नाही, जाळी लागत नाही, अकरा जणांची मोट बांधावी लागत नाही. तेरणेच्या काठची गाडीवाट आणि धरणाकडे जाणारा रस्ता पुरतो. निम्न तेरणा प्रकल्पाच्या माकणीला पहाटे चक्कर मारली तर पोलीस भरतीची, सैन्य भरतीची तयारी करणारे तरुण भेटतात आणि त्यांच्या मागे मागे शाळेतली दोन-चार पोरंही पळताना दिसतात. सोळाशे मीटर किती मिनिटांत, हा हिशेब इथे आठवीतल्या मुलालाही पाठ असतो.

असाच रानावनातून धावायचा क्रॉसकंट्री हा खेळ मुळात शाळकरी मुलांचाच. इंग्लंडमधल्या श्रूसबरीच्या मुलांच्या शाळेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच तो रुजला होता. काही मुलं कागदाचे कपटे टाकत पुढे पळायची आणि बाकीची तो माग काढत शेतांतून, ओढ्यांतून त्यांच्या पाठीस लागायची. पुढे तो ऑलिंपिकपर्यंत गेला, पण १९१२, १९२० आणि १९२४ असा तीनदाच खेळला गेला. १९२४ च्या पॅरिस स्पर्धेत उन्हाने कहर केला. पाव्हो नुर्मी जिंकला, पण सुरुवात केलेल्या ३८ जणांपैकी १५ जणच शेवटपर्यंत पोचले आणि हा प्रकार ऑलिंपिकमधून कायमचा वगळला गेला. शाळांनी मात्र तो सोडला नाही.

आपल्या मातीत तो परका वाटत नाही, याला एक कारण आहे. कोजागरीच्या आधीचे चार दिवस सोलापूरकडून आणि कर्नाटकातून माणसं तुळजापूरला चालत निघतात, कित्येक जण अनवाणी. उमरगा-नळदुर्गच्या रस्त्याला तर रात्रभर पावलं वाजत असतात. लांबचं अंतर पायांनी कापायचं असतं, हे इथल्या मुलाला कुणी शिकवावं लागत नाही. त्याला शिकवायचं ते एवढंच, की पहिल्या पाचशे मीटरमध्ये दम संपवू नये आणि चढावर पाऊल आखूड करावं.

१९९३ चा हंगाम मधेच तुटला. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपली होती आणि ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. दगडमातीची घरं जागच्या जागी बसली. किल्लारी, सास्तूर आणि औसा-उमरगा पट्ट्यातल्या गावांत हजारो माणसं गेली. त्या वर्षी स्पर्धांची आठवण कुणाला असणार? शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरू लागल्या. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलं पुण्याला शिकायला नेली. नळदुर्गला ‘आपलं घर’ उभं राहिलं. लोहाऱ्याच्या हराळीत पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीचं काम सुरू झालं आणि पुढे तिथे निवासी विद्यालय आलं. प्रबोधिनीच्या रीतीत संध्याकाळचं मैदान अभ्यासाइतकंच महत्त्वाचं, म्हणून हराळीसारख्या ठिकाणाचं मोल या भागाला अधिक. निवासी शाळेत मुलगा पहाटेही मैदानावर असतो आणि संध्याकाळीही. घरून येणाऱ्या मुलाला एसटीची वेळ सांभाळावी लागते.

भूकंपानंतरच्या पुनर्वसनाने एक गोष्ट नकळत दिली. जुनी गावं दाटीवाटीची होती. नवी आखली गेली ती ऐसपैस, रुंद रस्त्यांची, आणि आराखड्यात शाळेसाठी मोकळी जागा सोडलेली. जिथे शाळेने ती जागा नांगरू दिली नाही, बाभळी वाढू दिल्या नाहीत, तिथे आज फक्कीने दोनशे मीटरचा ट्रॅक आखता येतो. जिथे लक्ष दिलं गेलं नाही, तिथे मुलांची जागा हळूहळू आक्रसली आहे. मैदान राखणं हे शाळेचं पहिलं क्रीडाकार्य आहे, बक्षिसं त्यानंतर.

१९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी पुण्यात बालेवाडीचं क्रीडासंकुल उभं राहिलं, १९९६ ला राज्याचं क्रीडा धोरण आलं आणि त्याबरोबर क्रीडा प्रबोधिनीची योजना. लहान वयात चाचण्या घेऊन मुलं निवडायची, त्यांना राहायला, खायला, शिकायला द्यायचं आणि एकाच खेळात घडवायचं. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव याच वाटेने पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आला आणि २०१७ ला भारतात झालेल्या १७ वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकात देशाकडून खेळला.

त्या विश्वचषकाच्या तोंडावर, १५ सप्टेंबर २०१७ ला, राज्यभर शाळांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा असा उपक्रम झाला. आपल्याकडे त्याआधी फुटबॉल म्हणजे क्वचित दिसणारी वस्तू. काळ्या मातीत पावसाळ्यात चेंडू लोळत नाही, तो रुततो. बुटाला चिखलाचे थर चढतात आणि मुलं शेवटी बूट काढून अनवाणीच खेळतात. गोलाचे खांब म्हणजे दोन दप्तरं. माती वाळली की भेगा पडतात, त्यात घोटा मुरगळतो. चांगले खेळायचे दिवस मिळतात ते पाऊस उघडल्यानंतर आणि भेगा पडण्याआधी, मोजकेच. कोल्हापुरात पेठेपेठेतल्या तालमी वर्षानुवर्षं संघ सांभाळतात. इथे शाळेने खेळ थांबवला की तो गावातूनच जातो. तरीही एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. धाराशिव हा खो-खोचा जिल्हा. इथल्या खो-खोपटू सारिका काळेला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला तो याच मैदानी संस्कारावर. खो-खोतला मुलगा एका पावलात दिशा बदलतो, हुलकावणी देतो. तो फुटबॉलमध्ये बचावाला उभा केला तर पहिल्याच सामन्यात जम बसवतो. क्रीडाशिक्षकांनी दोन्ही संघांची मुलं एकत्र सरावाला घ्यावीत, असं मला आग्रहाने वाटतं.

२००५ पासून शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला सवलतीचे गुणही मिळतात. यामुळे पालक मुलाला मैदानावर पाठवू लागले, हे चांगलंच झालं. पण प्रमाणपत्र हाती आलं की मुलगा खेळ सोडतो, आणि शाळाही त्याला सोडून देते. तीन हजार मीटरला जिल्ह्यात दुसरा आलेला मुलगा बारावीनंतर कुठे धावतो, याची विचारपूस शाळेने करायला हवी.

कारण उशिरा फुलणारे धावपटू याच पट्ट्यातून येतात. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटर अंतर कापून शाळेत जायचा. बारावीनंतर तो सैन्यात गेला, २०१५ च्या सुमारास क्रॉसकंट्री धावू लागला आणि प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं. २०१८ ला त्याने गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला, २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्य मिळवलं आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. आडवे बांध, पाण्याचा खड्डा, पुन्हा धावणं, हा स्टीपलचेसचा घाट क्रॉसकंट्रीतूनच आलेला. ज्या शहराने १९२४ ला क्रॉसकंट्रीला निरोप दिला, तिथेच शंभर वर्षांनी बीडचा शेतकऱ्याचा मुलगा धावला.

आपल्या तालुक्यासाठी मागणं साधं आहे. लांब पल्ल्याची निवड कोजागरीनंतर, राशी घरात आल्यावर घ्यावी, म्हणजे शेतात अडकलेला मुलगाही रेषेवर उभा राहू शकेल. क्रॉसकंट्री स्टेडियमच्या ट्रॅकवर गोल गोल न घेता शिवारातून घ्यावी. माकणीत त्यासाठी धरणाचा रस्ता आहे, चढ आहे, मऊ मातीची गाडीवाट आहे. वळणावळणावर पंच म्हणून माजी खेळाडू उभे करता येतील. पाण्याची आणि प्रथमोपचाराची सोय ग्रामपंचायत आणि आरोग्य केंद्र मिळून करू शकतील.